प्रॉब्लेमच्या प्रश्नाचं उत्तर कसं मांडायचं? कलमं पाठ असूनही मार्क जातात ते कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एलएल.बी.चं दुसरं वर्ष आहे, करार कायदा आणि फौजदारी कायद्याची कलमं पाठ आहेत, निवाड्यांची नावंही तोंडावर आहेत, सविस्तर प्रश्नांना मार्क चांगले पडतात; पण 'खालील परिस्थितीत निर्णय द्या' असा सिच्युएशनल प्रॉब्लेम आला की निम्म्यावर गाडी अडते. उत्तराची रचना नेमकी कशी करायची?

मी वकिली सांभाळून लॉ कॉलेजात शिकवतो आणि पेपरही तपासतो. तपासणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर या प्रश्नात मार्क मिळतात ते कलमातली अट आणि प्रश्नातली घटना एकाच वाक्यात येतात तिथे. तुमच्या उत्तरात अशी वाक्यं बहुधा दोन-तीनच असतील. बाकीचं पान कलमाच्या उताऱ्याने, निवाड्याच्या गोष्टीने आणि प्रश्नातल्याच मजकुराच्या पुनरावृत्तीने भरलेलं असतं. सविस्तर प्रश्नात उतारा चालून जातो, इथे चालत नाही.

गाइडांमध्ये यासाठी 'आयरॅक' नावाचा साचा सापडेल: मुद्दा, नियम, नियमाचा वापर, निष्कर्ष. साचा वाईट नाही, पण त्यासाठी परदेशी पुस्तकाकडे जायची गरज नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 20, नियम 4 वाचा. निकालपत्रात काय असावं ते तिथे लिहिलंय: प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं. फौजदारी निकालासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354 मध्ये हेच होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 393 मध्ये आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून आपल्याकडच्या एखाद्या तालुका न्यायालयाचं निकालपत्र उतरवून घ्या. त्यात दोन रकान्यांचा तक्ता असतो. डावीकडे मुद्दे, उजवीकडे 'होकारार्थी', 'नकारार्थी', 'अंतिम आदेशाप्रमाणे' असे निष्कर्ष. खाली 'मुद्दा क्रमांक 1 ची कारणमीमांसा' आणि मग सगळा मजकूर. पेपरात तक्ता काढू नका, पण हा क्रम डोक्यात ठेवा.

नुसत्या सांगण्याने हे कळत नाही, म्हणून एक प्रॉब्लेम घेऊ. मीच रचलाय.

'सांगलीचे हळद व्यापारी अ यांनी 1 जून रोजी पुण्याच्या ब यांना पत्राने कळवले: "50 क्विंटल हळद 14,000 रुपये क्विंटलने विकायची आहे. घेणार असल्यास कळवा." पत्र 3 जूनला पोचले. ब यांनी 4 जूनला सकाळी 11 वाजता टपालात उत्तर टाकले: "दर मान्य. 50 क्विंटल घेतो. पोती नवी असतील अशी अपेक्षा." त्याच दिवशी दुपारी 3 वाजता अ यांनी फोन करून प्रस्ताव मागे घेत असल्याचे ब यांना सांगितले. ब यांचे पत्र अ यांना 7 जूनला मिळाले. 8 जूनला अ यांनी तोच माल 16,000 रुपये क्विंटल या त्या दिवशीच्या बाजारभावाने तिसऱ्याला विकला. ब नुकसानभरपाई मागतात. निर्णय द्या.'

आधी शेवटची ओळ वाचा. 'निर्णय द्या' म्हटलं असेल तर दोन्ही बाजू तोलून निकाल द्यायचा. 'ब यांना सल्ला द्या' म्हटलं असेल तर तुम्ही ब यांचे वकील; अ यांचा युक्तिवादही सांगायचा, पण तो कसा खोडायचा याच्यासकट. हा फरक न पाळल्याने मार्क गेलेले मी पुष्कळ पाहिलेत. मग पूर्ण प्रश्न वाचा आणि कच्च्या पानावर तारखा-वेळा एकाखाली एक मांडा. प्रॉब्लेम रचणारा माणूस कंजूष असतो, विनाकारण तपशील घालत नाही. 11 वाजता आणि 3 वाजता हे दोन आकडे दिलेत म्हणजे त्यांवर काहीतरी ठरणार आहे. आणि 'पोती नवी असतील अशी अपेक्षा' हे वाक्य फुकट आलेलं नाही.

बहुतेक विद्यार्थी इथे लगेच प्रस्ताव मागे घेण्यावर उडी मारतात. करार कायद्याचं कलम 4, कलम 5, टपालाचा नियम (पत्र टपालात पडलं की स्वीकृती पूर्ण), करार झाला, संपलं. निष्कर्ष कदाचित बरोबर येतो, मार्क मात्र अर्धे. कारण त्याआधीचा प्रश्न सुटलेलाच नसतो: ब यांचं 4 जूनचं पत्र ही मुळात स्वीकृती आहे का? कलम 7 प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. नव्या पोत्यांची अट घातली असेल तर ते पत्र स्वीकृती न राहता नवा प्रस्ताव ठरतं, मूळ प्रस्ताव संपतो, आणि मग 11 वाजले की 3 वाजले याला काही अर्थच उरत नाही. म्हणून मुद्द्यांचा क्रम लावताना स्वतःला विचारायचं: या मुद्द्याचं उत्तर नकारार्थी आलं तर पुढचे मुद्दे शिल्लक राहतात का? राहत नसतील तर तो मुद्दा पहिला.

मुद्दे असे लिहा:

1. 'पोती नवी असतील अशी अपेक्षा' या वाक्यामुळे ब यांची 4 जूनची स्वीकृती कलम 7 खाली सशर्त ठरते का?
2. नसल्यास, सकाळी 11 वाजता पत्र टपालात पडल्यानंतर दुपारी 3 वाजता फोनवरून प्रस्ताव मागे घेणं कलम 5 खाली वेळेत आहे का?
3. करार झाला असल्यास ब यांना कलम 73 खाली किती भरपाई मिळेल?

प्रत्येक मुद्द्यात कलम आहे आणि प्रश्नातली घटनाही. 'करार वैध आहे का?' असा मोघम मुद्दा लिहिला की पुढचं उत्तरही मोघमच होतं.

आता पहिल्या मुद्द्याचा परिच्छेद मी असा लिहीन: 'कलम 7 नुसार स्वीकृती पूर्ण व बिनशर्त असली पाहिजे. ब यांच्या पत्रात प्रस्तावातील दोन्ही बाबी, म्हणजे 50 क्विंटल हे परिमाण आणि 14,000 हा दर, जशाच्या तशा मान्य केल्या आहेत. अ यांच्या वतीने असे म्हणता येईल की पोत्यांबाबतचे वाक्य ही नवी अट आहे, कारण मूळ प्रस्तावात पोत्यांचा उल्लेख नाही. परंतु ब यांनी "घेतो" असे निश्चित शब्द वापरले असून नवी पोती नसल्यास माल घेणार नाही असे म्हटलेले नाही. "अपेक्षा" हा शब्द इच्छा दर्शवतो. त्यामुळे स्वीकृती त्यावर अवलंबून ठेवलेली नाही. ब यांनी "पोती नवी असल्यास घेतो" असे लिहिले असते तर निष्कर्ष उलट आला असता. म्हणून स्वीकृती बिनशर्त आहे.'

यात कलम एकाच ओळीत संपलंय. पुढची प्रत्येक ओळ प्रश्नातल्या कागदाला हात लावते. समोरच्या बाजूचा युक्तिवाद त्याच्या कारणासकट आलाय, आणि कोणता शब्द बदलला असता तर निकाल फिरला असता हेही सांगितलंय. या शेवटच्या वाक्यावर माझा फार जीव आहे. विद्यार्थ्याला नियमाची धार कुठे आहे ते कळलंय याचा तो पुरावा असतो. तुम्ही उलट निष्कर्ष काढलात, म्हणजे स्वीकृती सशर्त ठरवलीत, तरी कारण नीट दिलं असेल तर मी मार्क कापणार नाही. फक्त तिथे थांबू नका. 'पर्यायाने, स्वीकृती बिनशर्त मानल्यास' असं म्हणून दुसरा मुद्दाही सोडवा. कोर्टातही वादमुद्दे निघाले की सगळ्यांवर निष्कर्ष नोंदवायची पद्धत आहे.

दुसरा मुद्दा तुलनेने सरळ, पण कलम 4 चे तुकडे न पाडता लिहिला तर हमखास घोटाळा होतो. स्वीकृती दोघांविरुद्ध दोन वेगळ्या क्षणी पूर्ण होते. प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध, ती स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर जाईल अशा रीतीने रवाना झाली की. स्वीकारणाऱ्याविरुद्ध, ती प्रस्ताव करणाऱ्याला कळली की. म्हणून अ यांच्याविरुद्ध स्वीकृती 4 जूनला 11 वाजताच पूर्ण झाली, ब यांच्याविरुद्ध 7 जूनला. कलम 5 प्रमाणे अ यांना प्रस्ताव मागे घेता येत होता तो 11 वाजेपर्यंत. 3 वाजताचा फोन उशिरा आला. पत्र अ यांच्या हातात 7 जूनला पडलं याने त्यांच्या बाजूने काही फरक पडत नाही.

प्रश्नात 'फोन' दिसला की अर्धा वर्ग भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल हा 1966 चा निवाडा लिहून मोकळा होतो. तो खटला आपल्या खामगावच्या पेढीचा, सरकीच्या पेंडीच्या सौद्याचा. अहमदाबादहून फोनवर प्रस्ताव झाला, खामगावहून फोनवरच स्वीकृती दिली गेली, आणि करार कुठे झाला म्हणजे दावा कुठे चालेल हा वाद होता. बहुमताने ठरलं की फोनवर स्वीकृती जिथे ऐकू आली तिथे करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं. आपल्या प्रॉब्लेममध्ये स्वीकृती टपालाने गेलीय, फोनवर फक्त माघार आहे, आणि अधिकारक्षेत्राचा वाद नाहीच. तेव्हा केडियाचा इथे काही उपयोग नाही. वापरायचाच तर एका ओळीत, 'तो निवाडा फोनवरील स्वीकृतीबाबत असल्याने येथे लागू नाही', असा वापरा. निवाडा का लागू नाही हे सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो, म्हणून तपासणाऱ्याच्या लक्षात राहतो.

तिसरा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. करार झाला, ब जिंकले, इथे पेन खाली. पण ब यांनी भरपाई मागितलीय. कलम 73 खाली करारदर आणि भंगाच्या वेळचा बाजारभाव यांतला फरक: 16,000 वजा 14,000 म्हणजे क्विंटलमागे 2,000, गुणिले 50, म्हणजे 1,00,000 रुपये. अ यांनी 16,000 ला विकलं म्हणून हा आकडा येत नाही, त्या दिवशी बाजारभाव तेवढा होता म्हणून येतो; हे वाक्य लिहा. माल विक्री अधिनियम, 1930 चं कलम 57 आठवलं तर तेही ओळभर. आणि कलम 73 खालचं पहिलंच उदाहरण काढून बघा: 50 मण सोरा विकण्याचा करार, विकणाऱ्याने शब्द मोडला, भरपाई किती? म्हणजे आपल्या हळदीचा प्रॉब्लेम 1872 सालीच कायद्यात सोडवून ठेवलाय.

यावरून अभ्यासाचा एक उपाय. करार कायदा, जुनी दंडसंहिता आणि तिच्या जागी आलेली आताची भारतीय न्याय संहिता यांच्या कलमांखाली जी उदाहरणं छापलेली असतात ती विद्यार्थी वगळतात, गाइडांमध्ये तर ती नसतातच. खरं तर ते उत्तरासकट दिलेले प्रॉब्लेम आहेत. कलम 4 आणि 5 खाली घर विकण्याच्या पत्रव्यवहाराचं उदाहरण आहे, चोरीच्या कलमाखाली तर उदाहरणांची रांगच आहे. बेअर अॅक्टमध्ये, म्हणजे भाष्याविना नुसता कायदा छापलेल्या पुस्तकात, उत्तरावर हात ठेवून उदाहरण वाचा, स्वतः सोडवा, मग हात काढा. त्यानंतर एक घटना बदला. ब यांनी पत्र स्वतः न टाकता 11 वाजता ऑफिसच्या शिपायाकडे दिलं आणि त्याने ते 5 वाजता पेटीत टाकलं तर? शिपाई ब यांच्याच हुकमाखाली, तोवर पत्र परत मागता येत होतं. म्हणजे ते ताब्याबाहेर गेलं 5 वाजता आणि 3 चा फोन वेळेत ठरला. ब यांनाच 5 जूनला सौदा नको झाला आणि त्यांनी अ यांना फोन केला तर? कलम 5 त्यांना 7 जूनपर्यंत मुभा देतं. इंग्लिश पाठ्यपुस्तकातून टपालाचा नियम वाचलेला विद्यार्थी इथे हटकून चुकतो, कारण पत्र टाकलं की ब देखील बांधले गेले असं तो धरून चालतो. एका प्रॉब्लेमचे असे चार प्रॉब्लेम करता आले की कलम खरं समजलं.

फौजदारीत रचना थोडी बदलते, कारण तिथे पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. मृत्यूच्या प्रॉब्लेममध्ये तो क्रम सर्वोच्च न्यायालयानेच आखून दिलाय, आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध रायवरापू पुन्नय्या या 1976 च्या निवाड्यात. आधी आरोपीच्या कृत्याने मृत्यू झाला का; मग तो सदोष मनुष्यवध आहे का; मग तो खुनाच्या चार प्रकारांपैकी एकात बसतो का; आणि बसला तर एखादा अपवाद लागू आहे का. न्याय संहितेत सदोष मनुष्यवध कलम 100, खून आणि त्याचे अपवाद कलम 101, शिक्षा 103 आणि 105. विद्यार्थी थेट शिक्षेचं कलम लिहितात. पोलीस स्टेशनात ते चालतं, पेपरात नाही.

समजा प्रॉब्लेम असा: बांधावरून भावकीत बाचाबाची झाली, अ घरी गेला, वीस मिनिटांनी कोयता घेऊन परत आला आणि ब च्या पोटावर एकच वार केला, ब दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. 'एकच वार, म्हणून खून नाही' हे उत्तर दरवर्षी येतं. विरसा सिंग (1958) मध्ये पोटात भाल्याचा एकच वार होता आणि तो खूनच ठरला. आरोपीला तीच इजा करायची होती का एवढं आधी पाहायचं; ती इजा निसर्गक्रमानुसार मृत्यूला पुरेशी होती का हे वैद्यकीय पुराव्यावरून वस्तुनिष्ठपणे ठरतं. प्रॉब्लेममध्ये शवविच्छेदनाचा निष्कर्ष दिला नसेल तर 'इजा निसर्गक्रमानुसार मृत्यूस पुरेशी होती असे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झाल्यास' असं लिहून पुढे जा. मनाने अहवाल तयार करू नका.

खरी लढाई अपवादांत आहे, जास्त शाई तिथे खर्च करा. अचानक भांडणाच्या अपवादाला पूर्वनियोजन नसणं, अचानक भांडण, रागाच्या भरातलं कृत्य आणि गैरफायदा किंवा क्रौर्य नसणं, हे सगळं एकत्र लागतं. बाचाबाची अचानक झाली हे खरं, पण वार त्या बाचाबाचीत झाला नाही. मधल्या वीस मिनिटांत अ घरी गेला, हत्यार निवडलं, परत आला; आणि ब च्या हातात काही असल्याचं प्रश्नात नाही. प्रक्षोभाच्या अपवादासाठी नानावटी (1961) घ्या. तिथे घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत जवळपास तीन तास गेले होते आणि मधल्या वेळात आरोपी जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेऊन आला. स्वतःवर ताबा मिळवायला पुरेसा वेळ होता, असं न्यायालय म्हणालं. आता वीस मिनिटं म्हणजे तीन तास नव्हेत, हा अ च्या वकिलाचा मुद्दा. त्याला उत्तर द्या: नुसते तास-मिनिटं मोजायची नाहीत, त्या वेळात आरोपीने काय केलं ते पाहायचं, शिवाय बांधावरची बाचाबाची हा गंभीर प्रक्षोभ होतो का हेही वेगळं दाखवावं लागेल. नानावटीची अख्खी कथा मात्र लिहू नका. ती सगळ्यांनी वाचलेली असते, तपासणाऱ्यानेही.

घटनेची तारीख पाहायला विसरू नका. 1 जुलै 2024 पूर्वीची घटना असेल तर दंडसंहिता लागू, नंतरची असेल तर न्याय संहिता. तारीखच नसेल तर नवं कलम लिहून जुना क्रमांक शेजारी द्या.

निवाड्याचं नाव आठवलं नाही तर तत्त्व लिहा, 'सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले आहे की' एवढं पुरे. बनावट नाव आणि वर्ष ठोकून देऊ नका. ते पकडलं जातं आणि मग खऱ्या निवाड्यांवरही शंका येते. कलमाचा क्रमांक चुकला आणि अट बरोबर असली तर माझ्यासारखे बरेच जण सौम्यपणे घेतात. उलट असेल तर नाही.

वेळेचं गणित साधं. तीन तासांत शंभर मार्क म्हणजे मार्कामागे पावणेदोन मिनिटं. सहा मार्कांच्या प्रॉब्लेमला दहा-अकरा मिनिटं मिळतात, त्यातली तीन वाचायला आणि कच्चं मांडायला खुशाल द्या. सहा मार्कांत तीन मुद्दे तितक्याच विस्ताराने बसणार नाहीत. हळदीच्या प्रॉब्लेममध्ये मी पहिल्या दोन मुद्द्यांना सात-आठ ओळी देईन आणि भरपाईला तीन. प्रश्नाची हकीकत पुन्हा उतरवायची नाही, तपासणाऱ्यासमोर प्रश्नपत्रिका असते. मराठीतून लिहीत असाल तर कायद्याच्या संज्ञा एकच एक ठेवा. एका परिच्छेदात 'स्वीकृती', दुसऱ्यात 'मान्यता', तिसऱ्यात 'संमती' असं झालं की संमतीचं कलम वेगळं आहे हे तुम्हाला माहीत आहे की नाही असा प्रश्न पडतो.

सरावासाठी मागच्या वर्षांच्या पेपरांतले प्रॉब्लेम घ्या आणि सुरुवातीला पूर्ण उत्तर लिहूच नका. फक्त मुद्दे लिहा आणि प्रत्येक मुद्द्याखाली प्रश्नातल्या कोणत्या घटना वापराल त्यांची यादी करा. शेवटी एखादी घटना कुठेच वापरली गेली नाही असं दिसलं, तर एकतर एक मुद्दा सुटलाय, नाहीतर ती घटना चकवा आहे. यातलं काय ते ठरवूनच लिहायला घ्या.